छातीतलं पाणी आलं कुठून?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, आम्ही लालबागला राहतो. धाप लागते म्हणून एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसाभोवती पाणी निघालं. डॉक्टर सुईने काढून तपासायचं म्हणतात. गोळ्यांनी सुकणार नाही का?

उत्तर : कोणत्या गोळ्या द्यायच्या, ते त्या पाण्यावरूनच ठरतं. हृदय, लिव्हर किंवा किडनी थकली की पाणी पाझरतं. न्यूमोनिया, टीबी, कॅन्सरमध्ये फुप्फुसावरचं आवरणच बिघडतं. हृदयाचं दुखणं उघड असेल आणि दोन्ही बाजूंना पाणी असेल, तर आम्ही आधी लघवीच्या गोळ्या देऊन बघतो. वडिलांचं एकाच बाजूला आहे, सुई टाळू नका. टेबलावर उशी ठेवून त्यावर ओणवं बसवतात, सोनोग्राफीने जागा बघून बधिर करतात. दुखतं ते बधिर करतानाच्या टोचणीइतकं.

एक गोष्ट मात्र आग्रहाने मागा : त्याच दिवशी रक्तही तपासायला जाऊ द्या. पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्या प्रोटीनच्या निम्म्याहून जास्त असेल, तर दोष आवरणाचा धरतात. १९७२ साली डॉ. लाइट यांनी घालून दिलेल्या निकषांपैकी हा एक, आजही आम्ही त्यावरच चालतो. रक्त पाठवलेलंच नसतं, असे अर्धवट रिपोर्ट माझ्याकडे येतात तेव्हा जीव तुटतो.

प्रश्न : भाऊ २७ वर्षांचा, भांडुपला असतो. ताप आहे, पाण्यात एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) ७२ आलं. थुंकीत जंतू नाहीत, तरी टीबीचं औषध का?

उत्तर : छातीच्या आवरणाच्या टीबीत जंतू मोजकेच असतात, पाणी साठतं ते शरीराने त्यांच्याशी घेतलेल्या झुंजीमुळे. त्यामुळे थुंकी कोरी येते, पाण्यातही जंतू सहसा सापडत नाहीत. तरुण वय, ताप, पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी जास्त आणि एडीए ४०च्या वर, हे सगळं जुळलं तर मुंबईत पहिला संशय टीबीचाच. पण पू झाला असेल, संधिवात किंवा लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) असेल, तरी एडीए वाढतं, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. मुंबईत औषधांना न जुमानणारा टीबी पुष्कळ आहे. शक्य असेल तर आवरणाचा तुकडा काढून सीबीनॅट (टीबीचे जंतू आणि औषधाला ते दाद देतात का, हे शोधणारी जनुकीय चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवा. साध्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा, औषधं पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात.

प्रश्न : कुर्ल्याला आईचं (वय ६१) दोनदा पाणी काढलं. दोन्ही वेळा रिपोर्टमध्ये ‘कॅन्सरच्या पेशी नाहीत’, तरी पुन्हा भरतं. आता टीबीचं औषध सुरू करून बघू म्हणतात.

उत्तर : कृपा करून थांबा. कॅन्सर असूनही पाण्यात पेशी न सापडणं नेहमीचं आहे. तिसऱ्यांदा तेच पाणी पाठवून फारसं हाती लागत नाही. आता सीटी स्कॅन आणि मग थोरॅकोस्कोपी : बरगड्यांमधून लहानसं छिद्र पाडून कॅमेऱ्याने आवरण डोळ्यांनी बघतात आणि जिथे गाठ दिसते तिथलाच तुकडा घेतात. बहुतेकांचं निदान तिथे होतं. त्यातही फक्त साधी सूज निघाली, तर आईला काही महिने नियमित तपासत राहावं लागेल.

डॉक्टरांना दोन गोष्टी आपणहून सांगा. एक, आईच्या चालू औषधांची पूर्ण यादी. मेथोट्रेक्झेटसारख्या (संधिवातावर देतात ते) काही औषधांनीही पाणी होतं. दुसरी, घरात कुणी मुंबई बंदराजवळच्या दारूखाना भागात जहाजं तोडायचं काम केलंय का. जुन्या जहाजांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि तिचा आजार तीस-चाळीस वर्षांनीही वर येतो.

प्रश्न : पाणी एकाच वेळी सगळं का काढत नाहीत?

उत्तर : दबलेलं फुप्फुस झटकन फुललं तर त्यालाच सूज येऊ शकते. म्हणून साधारण दीड लिटरवर थांबतात. काढताना छाती आवळली किंवा खोकल्याची उबळ आली, तर त्याच क्षणी सांगा.