एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) लायसन्सची तयारी करताना

अरे, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पेपरांना प्रश्नपेढ्या पाठ करून बसू नकोस. पासिंग ७५ टक्क्यांना आहे, प्रश्न थोडा फिरवला की पाठांतर तिथंच गळतं. लायसन्स बी१ प्रकारचं घ्यायचं की बी२, हे आधी ठरव. इंजिन आणि सांगाड्यात रमत असशील तर बी१, वायरिंग-एव्हिऑनिक्सचं (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं) वेड असेल तर बी२.

आणि लॉगबुक! काम झालं की त्याच दिवशी लिही, सही घे. मी महिनाभर साठवलं. सही करणारे इंजिनिअर बदलून गेले आणि फार हाल झाले.

हँगरमध्ये लॉकिंग वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून पीळ देऊन बांधतात ती तार, बांधायला माग. वायरचा ओढा बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनं हवा. पीळ सैल वाटला तर कापून नवी बांध. कापलेला तुकडा मात्र आधी उचल.