गरोदरपणात पायाच्या शिरा हार्मोन्समुळे फुगतात का? बाळंतपणानंतर त्या बसतात का?

तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या महिन्यातच पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागल्या आणि घरचे म्हणतात, 'पोटाच्या वजनाने होतं.' वजनाचा वाटा असतो, पण तो पुढच्या महिन्यांत. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आतच असतं, त्याचा भार तो काय असणार! सुरुवात हार्मोन्स करतात.

शिरेच्या भिंतीत स्नायूपेशी असतात, ताण पेलणारे कोलॅजेनचे धागे असतात आणि ताणून पुन्हा आखडणारे इलॅस्टिनचे. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे स्नायू सैलावतात. इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनसह ते धाग्यांच्या जडणघडणीवरही परिणाम करतं, त्यामुळे भिंत जास्त ताणली जाते. त्यात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. शीर रुंदावली की आतल्या झडपांच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, मग वर चढलेलं रक्त खाली परततं आणि साचतं.

प्रसूतीनंतर हार्मोन्स झपाट्याने उतरतात, स्नायूंचा ताण परत येतो, कोलॅजेन नव्याने विणलं जातं. म्हणून बहुतेकींच्या शिरा तीन-चार महिन्यांत बऱ्याच बसतात. तोवर ऑपरेशनची किंवा लेझरची घाई करू नका. इलॅस्टिन मात्र मुख्यतः जन्माआधी आणि लहानपणी तयार होतं, मोठेपणी फारच थोडं. दर बाळंतपणानंतर शिरा थोड्या अधिक उरतात, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

सध्या कॉम्प्रेशन मोजे, म्हणजे पायावर घट्ट दाब देणारे मोजे, वापरा. बहुधा 20 ते 30 मिलिमीटर पारा दाबाचे देतात, पण दाब डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घोटा आणि पोटरीचं माप सकाळी, सूज नसताना द्या. मोजे अंथरुणातून उठण्याआधीच चढवा. दुपारी सुजलेल्या पायावर ते नीट चढत नाहीत, आणि वरची कड गुंडाळली गेली तर तिथेच दोरी आवळल्यासारखं होऊन रक्त अडतं. कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपा. फार वेळ एका जागी उभं राहू नका. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय उंच धरा आणि त्या जागी सलग दहा मिनिटं दाबून ठेवा.

एकच पाय, विशेषतः डावा, अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर मालिश करू नका. खोल शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी तपासणी) करून घ्या. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ गाठा. गुठळीचा हा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो.