व्हिएतनामच्या इतिहासपुरुषांपैकी कोणी लोकप्रिय साप्ताहिक चालवलं होतं का?

हो, चालवलं होतं. हो ची मिन्ह यांचं नाव तुम्हाला सुचलं असेलच. १९२५ साली चीनमधल्या ग्वांगझोऊत राहून त्यांनी 'थान न्येन' म्हणजे 'तरुण' हे साप्ताहिक सुरू केलं. पहिला अंक २१ जूनचा, आणि व्हिएतनाममध्ये तो दिवस आजही पत्रकार दिन म्हणून पाळतात. पण ते क्रांतिकारकांचं पत्र होतं, लपूनछपून देशात पोचायचं. तुम्ही 'लोकप्रिय' विचारलंय, म्हणजे घरात आल्या आल्या कोणी आधी वाचायचं यावरून ओढाताण व्हावी असं. तर मग माझं उत्तर एकच: न्यात लिन्ह.

खरं नाव न्गुयेन तुओंग ताम, जन्म १९०६. हनोईत सरकारी अर्थखात्यात कारकुनी केली, चित्रकलेच्या कॉलेजात काही काळ शिकले, मग फ्रान्सला जाऊन विज्ञानाची पदवी घेऊन १९३० साली परतले. डोक्यात मात्र पत्रकारिता भरली होती. १९३२ साली 'फोंग ह्वा' नावाचं एक साप्ताहिक निघालं. नावाचा अर्थ साधारण 'चालीरीती'. चौदाव्या अंकापासून ते त्यांनी हातात घेतलं आणि त्याचा चेहराच पालटला.

मी बारा वर्षं एका साप्ताहिकात पानं लावायचं काम केलं आहे, त्यामुळे त्यांची खरी करामत कशात होती ते मला जवळचं वाटतं. फोंग ह्वाचे जुने अंक स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेत. व्हिएतनामी येत नसली तरी चाळा. पानापानांवर ली त्वेत भेटेल: डोक्याला पागोटं, हनुवटीवर विरळ दाढी, अंगात लांब झगा, बरोबर छत्री. हा खेड्यातला गावकारभारी हनोईत येतो आणि मोटारी, दिवे, शहरी बायका बघून गोंधळून जातो. न्यात लिन्ह स्वतः 'दोंग सोन' या नावाने त्याची चित्रं काढायचे. पुढे त्याला जोडीदार मिळाला सा से, गोल गरगरीत, टकलावर एकच कुरळा केस. ही दोघं लोकांना घरच्यासारखी झाली. हसताना वाचक स्वतःच्या गावालाही हसत होता आणि त्या गावावर मायाही करत होता, असं मला ती चित्रं बघताना दरवेळी वाटतं.

हे सगळं जमलं त्यामागे लिपीचं कारण मोठं आहे. चिनी अक्षरांवर आधारलेल्या जुन्या सरकारी परीक्षांपैकी शेवटची १९१९ साली ह्वे इथे झाली. त्यानंतरची पिढी रोमन अक्षरांतली व्हिएतनामी वाचत शाळा शिकली होती, आणि तिला आपल्या भाषेत चटकदार वाचायला हवं होतं. १९३४ साली न्यात लिन्ह आणि सोबत्यांनी 'तु लुक वान दोआन' (स्वावलंबी साहित्य मंडळ) जाहीर केलं. त्याची दहा तत्त्वं साप्ताहिकातच छापली. त्यातलं एक असं, की भाषा सोपी, समजणारी हवी, चिनी शब्द कमी हवेत. कादंबरीकार खाय हुंग, विनोदी कविता लिहिणारे तू मो आणि न्यात लिन्ह यांचे दोन धाकटे भाऊ, ह्वांग दाओ आणि थाक लाम, ही सगळी त्याच मंडळातली. कादंबऱ्या अंकातून क्रमशः यायच्या. न्यात लिन्ह यांच्या 'दोआन तुयेत'मध्ये सासरी गांजलेली शिकलेली सून नवऱ्याच्या मृत्यूच्या खटल्यात उभी राहते आणि सुटते. आठवड्याला एक प्रकरण वाचत घरोघरच्या सासवा-सुना त्या खटल्याकडे कशा बघत असतील, याचा विचार करा.

टेट म्हणजे त्यांचं नववर्ष, त्याला साप्ताहिकांचे जाडजूड खास अंक निघायचे. आपल्याला दिवाळी अंकांमुळे ही हौस वेगळी समजावून सांगायला नको.

व्हिएतनामवर तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं. १९३६ साली त्या फ्रेंच सरकारने फोंग ह्वा बंद केलं. मंडळींनी 'न्गाय नाय' (आजकाल) हे दुसरं साप्ताहिक पुढे चालवलं, तेही १९४० साली बंद पडलं. मधल्या काळात त्यांनी गरिबांसाठी हवेशीर, उजेडाची घरं बांधायची चळवळसुद्धा काढली.

पुढचं आयुष्य राजकारणात गेलं. १९४६ साली न्यात लिन्ह काही महिने हो ची मिन्ह यांच्याच सरकारात परराष्ट्रमंत्री होते, मग दुरावले. ७ जुलै १९६३ रोजी सायगावात, दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दिएम यांच्या सरकारने भरलेला खटला उभा राहायच्या आदल्या दिवशी, त्यांनी विष घेतलं. माझ्या आयुष्याचा निवाडा इतिहास करील, असं लिहून ठेवलं. चरित्रांत बहुतेकदा हाच भाग मोठा असतो. मला ते पटत नाही. त्यांची खरी सत्ता त्या अंकांत होती.

अंक बघाल तेव्हा १९३४चे जरूर काढा. चित्रकार न्गुयेन कात तुओंग यांनी बायकांच्या नव्या पेहरावाची रेखाटनं त्यात दिली आहेत: अंगाबरोबर बसणारा कमरेचा भाग, वेगवेगळ्या गळ्यांचे आणि बाह्यांचे नमुने. आज जो आओ झाय आपण व्हिएतनामचा पोशाख म्हणून ओळखतो, त्याची सुरुवातीची रूपं तिथे शाईच्या बारीक रेघांत दिसतात.