ताई, पोराचं अभ्यासात लक्ष लागत नाही, अक्षरं-बेरजा जमत नाहीत म्हणालात ना, तर आधी घाबरू नका, पोरगं आळशी नाहीये

सगळ्यात पहिलं डोळे आणि कान तपासून घ्या, सांगली-मिरजेत चांगली सोय आहे, कारण फळ्यावरचं नीट दिसत नसलं तरी पोरगं लक्षच देत नाही असं वाटतं. मग घरी दोनच गोष्टी:

- अभ्यास दहा-दहा मिनिटं, मध्ये दोरीउड्या मारू दे
- अक्षर ताटातल्या रव्यात बोटाने गिरवायचं, मोठ्याने म्हणत. बेरीज चिंचोक्यांवर

सुरुवातीला बहुतेक जण योगा, तेल, बुद्धीचं टॉनिक, डाएट सगळं एकदम चालू करतात आणि मग कशाने फरक पडला तेच कळत नाही. एका वेळी एकच, महिनाभर. आणि डॉक्टरांनी एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ होते तो त्रास) गोळी दिली असेल तर परस्पर बंद करू नका प्लीज. शिकण्यात अडचण असल्याचं सर्टिफिकेट, त्यावर दहावीच्या परीक्षेला मिळणारा जादा वेळ, ते नंतर सांगते.