स्वतःच्या डोमेनचा ईमेल आयफोन, आउटलुक, थंडरबर्ड आणि जीमेलमध्ये जोडताना

आपली अडचण मला समजली ती अशी. दुकानासाठी आपण डॉट इन डोमेन घेतले, सी-पॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचे नियंत्रण-पान) असलेल्या होस्टिंगवर त्याचे तीन ईमेल पत्ते तयार केले आणि ब्राउझरमधून वेबमेल उघडल्यावर तिन्ही पत्ते व्यवस्थित चालतात. परंतु आयफोनवर मेल येतात, जात मात्र नाहीत. दुकानातल्या संगणकावर आउटलुक पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो. आणि थंडरबर्ड सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र जुळत नसल्याचा इशारा देतो. वेबमेलमधून मेल येतात आणि जातात, त्या अर्थी डोमेनची एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरवर जायचा ते सांगणारी) बरोबर आहे, पेटी शाबूत आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. त्यामुळे होस्टिंग कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी किंवा पत्ते पुसून नव्याने तयार करण्यापूर्वी ॲपमधल्या सेटिंग्ज तपासाव्यात.

ज्याला आपण एक ‘ईमेल अकाउंट’ म्हणतो, त्यात ॲपच्या दृष्टीने दोन स्वतंत्र जोडण्या असतात: मेल आणणारी आयमॅप आणि मेल पाठवणारी एसएमटीपी. प्रत्येकीचा सर्व्हर, पोर्ट (सर्व्हरवरील दाराचा क्रमांक), सुरक्षेचा प्रकार, युजरनेम आणि पासवर्ड स्वतंत्रपणे भरावा लागतो, आणि पाठवण्याची बाजू प्रत्येक ॲपने आपापल्या सोयीने कुठेतरी आत दडवलेली असते. म्हणून कोणतेही ॲप उघडण्यापूर्वी सी-पॅनेलमधील ‘ईमेल अकाउंट्स’ या पानावर जाऊन त्या पत्त्यासमोरील ‘कनेक्ट डिव्हाइसेस’ उघडावे आणि तेथील सुरक्षित सेटिंग्ज कागदावर उतरवून घ्याव्यात. ॲपच्या आपोआप ओळखण्यावर मी विसंबत नाही, कारण डोमेनसाठी तशी नोंद केलेली नसेल तर ॲप केवळ अंदाज बांधते.

त्या कागदावर सामान्यतः आयमॅपसाठी पोर्ट ९९३ आणि एसएमटीपीसाठी पोर्ट ४६५ असेल, आणि दोन्हीकडे सुरक्षेचा प्रकार एसएसएल किंवा टीएलएस, म्हणजे सुरुवातीपासूनच कूटबद्ध जोडणी. काही मार्गदर्शिका पाठवण्यासाठी ५८७ सांगतात. तेही चालते, पण त्याच्याबरोबर सुरक्षेचा प्रकार स्टार्ट-टीएलएस (साधी जोडणी सुरू करून मग ती कूटबद्ध करणारा) निवडावा लागतो. ५८७ लिहून एसएसएल निवडले, किंवा ४६५ लिहून स्टार्ट-टीएलएस निवडले, की ॲप बराच वेळ ताटकळते आणि शेवटी ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ असे सांगते. सर्व्हरचा त्यात काही दोष नसतो. पोर्ट ४६५ मधल्या काळात कालबाह्य मानले जात होते, त्यामुळे जुन्या लेखांत ते टाळण्याचा सल्ला आढळतो. २०१८ मध्ये आलेल्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने त्याला पुन्हा मान्यता दिली. पोर्ट २५ हे सर्व्हरने सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे. अनेक इंटरनेट कंपन्या ते ग्राहकांच्या जोडणीवर बंद ठेवतात, म्हणून ॲपमध्ये ते लिहू नये. युजरनेमच्या जागी मात्र सर्वत्र पूर्ण ईमेल पत्ता हवा, ॲट चिन्हापूर्वीचा नुसता भाग नको.

आता आयफोन. नव्या आयओएसमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, मेल, मेल अकाउंट्स आणि ॲड अकाउंट या मार्गाने जाऊन शेवटी ‘अदर’ निवडावे लागते. तेथे ‘आउटगोइंग मेल सर्व्हर’ या भागातील युजरनेम आणि पासवर्ड या दोन चौकटींत फिकट अक्षरांत ‘ऑप्शनल’ असे लिहिलेले असते, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून बहुतेक जण त्या मोकळ्या सोडतात. आजचा जवळजवळ कोणताही सर्व्हर ओळख पटवल्याशिवाय बाहेरचा मेल स्वीकारत नाही, त्यामुळे आपण वर्णन केलेली स्थिती तंतोतंत उद्भवते. अकाउंट पुसण्याची गरज नाही. त्याच अकाउंटमध्ये एसएमटीपी उघडून प्रायमरी सर्व्हरवर जावे, पूर्ण पत्ता आणि पासवर्ड भरावा, एसएसएल चालू करावे, ऑथेंटिकेशनपुढे ‘पासवर्ड’ निवडावे आणि पोर्ट ४६५ करावे. त्याच पानावर फोनवरील इतर अकाउंटचे एसएमटीपी सर्व्हर दिसतील. ते चालू असतील तर मुख्य सर्व्हर न मिळाल्यास आयफोन त्यांच्यामार्फत मेल पाठवण्याचा प्रयत्न करतो, म्हणजे दुकानाच्या पत्त्याचे पत्र भलत्याच सर्व्हरवरून निघते आणि पुढे स्पॅममध्ये पडण्याची शक्यता वाढते. ते सर्व बंद ठेवावेत.

आउटलुकच्या बाबतीत प्रथम हे पाहावे की आपल्याकडे कोणता आउटलुक आहे. विंडोजमधील जुने ‘मेल’ ॲप ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाल्यापासून मायक्रोसॉफ्ट लोकांना ‘नव्या आउटलुक’कडे वळवत आहे. हा नवा आउटलुक आयमॅप अकाउंट थेट आपल्या संगणकावरून जोडत नाही. लॉगिनचे तपशील आणि मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये जाते आणि आपल्या सर्व्हरशी तोच क्लाउड बोलतो. काहींना यात गैर वाटणार नाही, पण ग्राहकांची बिले आणि बँकेची पत्रे ज्या पेटीत येतात त्या पेटीसाठी मला ही व्यवस्था पसंत नाही, आणि पर्याय असेल तर मी क्लासिक (म्हणजे जुना) आउटलुक किंवा थंडरबर्ड सुचवेन. क्लासिक आउटलुकमध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘मेल’ या चिन्हातून हाताने अकाउंट जोडता येते. त्या अर्जात युजरनेमच्या जागी अनेकदा ॲट चिन्हापूर्वीचा भागच आपोआप भरलेला असतो. तो पूर्ण पत्ता करावा. नंतर ‘मोअर सेटिंग्ज’मधील ‘आउटगोइंग सर्व्हर’ या पट्टीवर ‘पाठवण्यासाठी ओळख लागते’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण करावी आणि ‘ॲडव्हान्स्ड’ पट्टीवर पोर्ट व सुरक्षेचे प्रकार लिहावेत. पूर्वी पासवर्ड बदलला असेल, तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेला जुना पासवर्डही काढून टाकावा.

आउटलुकची ती खिडकी पुन्हा पुन्हा येत असताना प्रत्येक वेळी पासवर्ड टाइप करून ‘ओके’ दाबत राहणे मात्र कटाक्षाने टाळावे. बहुतेक होस्टिंग सर्व्हर ठरावीक अयशस्वी प्रयत्नांनंतर त्या आयपी पत्त्यालाच (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकालाच) काही काळ अडवतात. दुकानातील सर्व उपकरणे एकाच वायफायवरून, म्हणजे बाहेरून पाहता एकाच आयपी पत्त्यावरून जात असल्याने, एका संगणकाच्या चुकीमुळे सगळ्यांचेच मेल थांबतात, क्वचित वेबमेल आणि संकेतस्थळही उघडेनासे होते. अशा वेळी वायफाय बंद करून मोबाईल डेटावर पाहावे; तेथे सर्व चालत असेल तर आयपी अडवला गेला आहे हे निश्चित समजावे, होस्टिंग कंपनीला तो मोकळा करण्यास सांगावे, आणि त्याआधी जुना पासवर्ड धरून बसलेले उपकरण शोधून काढावे, कारण ते जोवर प्रयत्न करत राहील तोवर हीच गोष्ट पुन्हा घडेल. कपाटात ठेवलेला एखादा जुना टॅबलेट बहुधा दोषी निघतो.

थंडरबर्डचा इशारा याहून सरळ आहे. आपण सर्व्हरचे नाव ‘मेल डॉट’ आणि पुढे आपले डोमेन असे लिहिले असावे, आणि सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवतो ते मात्र होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचे असावे. तेथे अपवाद मंजूर करून पुढे जाणे सोपे असले तरी तसे करू नये, कारण त्यानंतर खऱ्या धोक्याचा इशारा आला तरी आपण तोही त्याच सवयीने मंजूर कराल. सी-पॅनेलच्या एसएसएल स्थितीच्या पानावर जाऊन ‘मेल’ या उपडोमेनसाठी प्रमाणपत्र मिळवावे, किंवा होस्टिंग कंपनीने दिलेले सर्व्हरचे मूळ नाव वापरावे. डोमेन क्लाउडफ्लेअर या डोमेनच्या नोंदी सांभाळणाऱ्या सेवेवर असल्यास त्या उपडोमेनच्या नोंदीसमोरील नारिंगी ढग, म्हणजे जोडणी क्लाउडफ्लेअरमार्फत वळवली जात असल्याची खूण, करडा करावा. तो नारिंगी असताना मेलच्या पोर्टवरची जोडणी आपल्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

अँड्रॉइडवरील जीमेल ॲपमध्ये ‘अदर’ निवडून हेच तपशील भरता येतात, परंतु अशा अकाउंटचे मेल ते ठरावीक अंतराने तपासते आणि त्यातले सर्वांत कमी अंतर १५ मिनिटांचे आहे. आयफोनचे मेल ॲपही साध्या आयमॅप पेटीसाठी तात्काळ सूचना देत नाही. ऑर्डर येताक्षणी कळणे आवश्यक असेल तर आयमॅपची ‘आयडल’ सोय (नवा मेल येताच सर्व्हर ॲपला कळवतो ती) वापरणारे ॲप घ्यावे. के-नाइन मेल या ॲपच्या पायावर उभे असलेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले अँड्रॉइडसाठीचे थंडरबर्ड त्यांपैकी एक आहे. ब्राउझरमधील जीमेलमध्ये पॉपद्वारे (मेल सर्व्हरवरून उतरवून घेण्याच्या आयमॅपहून जुन्या पद्धतीने) दुसऱ्या पेटीतले मेल ओढून घेण्याचा जुना मार्ग आता धरू नये. २०२६ पासून तो बंद करण्याचे गूगलने जाहीर केले आहे.

पॉपचा विषय निघालाच आहे, तर एकाच पेटीला फोन आणि संगणक दोन्ही जोडायचे असल्यास कोठेही पॉप निवडू नये. आउटलुक आणि थंडरबर्ड दोन्हींत पॉपसाठी १४ दिवसांनंतर सर्व्हरवरील प्रत काढून टाकण्याची सोय असते, आणि तशी खूण एका संगणकावर राहिली की दोन आठवड्यांपूर्वीचे मेल फोनवरून नाहीसे होतात. आयमॅपमध्ये हा धोका नाही, पण पाठवलेल्या मेलचा घोळ होतो: एक ॲप ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत ठेवते, दुसरे ‘सेंट मेसेजेस’ किंवा ‘सेंट आयटम्स’ नावाचा नवा फोल्डर तयार करते, आणि मग ग्राहकाला उत्तर गेले की नाही यावरून दुकानात वाद होतात. वेबमेलमध्ये जो फोल्डर दिसतो तोच आयफोनवर अकाउंटच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये आणि थंडरबर्डवर ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये निवडून द्यावा. एकच पेटी बरीच उपकरणे वापरत असतील तर जोडण्यांची मर्यादाही आड येते. डव्हकॉट या प्रचलित मेल सर्व्हरवर एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून मुळात १० जोडण्यांची मुभा असते आणि थंडरबर्ड एकटाच पाचपर्यंत घेतो. तो आकडा त्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये दोनवर आणावा.

हेच उत्तर वाचणाऱ्या ज्यांचे डोमेन गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहोवर आहे, त्यांना यातले पासवर्डविषयीचे भाग जसेच्या तसे लागू होत नाहीत. पहिल्या दोन सेवांत नेहमीचा पासवर्ड आयमॅपसाठी स्वीकारला जात नाही. ॲपमध्ये त्या कंपनीचे स्वतःचे लॉगिन पान उघडले पाहिजे. झोहोच्या सध्याच्या मोफत योजनेत आयमॅप मिळत नाही.

शेवटी, तिन्ही ॲप चालू झाल्यावर प्रत्येकातून एखाद्या जीमेल पत्त्यावर एकेक मेल पाठवावा, तेथे तो उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतील ‘शो ओरिजिनल’ पाहावे, आणि एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती नोंद) व डीकेआयएम (मेलवरील डिजिटल सही) या दोन्हींसमोर ‘पास’ आहे याची खात्री करावी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत अधिक काटेकोर झाले आहे. ‘पास’ नसेल तर सी-पॅनेलमधील ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ हे पान नेमकी कोणती नोंद हवी ते दाखवते. डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) दुसऱ्या कंपनीकडे असतील तर ती नोंद तेथे जाऊन हाताने करावी लागेल, आणि तेथे आधीची एसपीएफ नोंद असेल तर दुसरी न जोडता त्याच ओळीत बदल करावा, कारण एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी असल्या की तपासणी चुकीची ठरते.