स्वसंरक्षण : तंत्राच्या आधीची तयारी

प्रश्न : मी काही वर्षे कराटे शिकते आहे. माझे काता, म्हणजे ठरावीक हालचालींचे एकट्याने करायचे क्रम, बिनचूक होतात. मात्र परवा एका माणसाने ओरडत वाट अडवली, तेव्हा मी जागच्या जागी थिजले. शिकलेले सारे वाया गेले का?

उत्तर : वाया काहीही गेलेले नाही आणि थिजणे म्हणजे भित्रेपणाही नव्हे. ॲड्रेनलिन उसळले की नजर समोरच्या धोक्यावरच खिळते, आजूबाजूचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि बोटांच्या नाजूक हालचाली बिघडतात. ढकलणे, पळणे अशा मोठ्या हालचाली मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहतात. कातामध्ये पुढची हालचाल आधीच ठरलेली असते आणि समोर विरोध करणारे कोणी नसते, त्यामुळे या ताणाची शरीराला सवयच होत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान या ज्युदो शाळेची स्थापना केली आणि ज्युदोची घडी बसवताना घातक प्रहार कातापुरते ठेवून, उरलेली तंत्रे खऱ्याखुऱ्या विरोधापुढे आजमावता येतील अशा रांदोरीला, म्हणजे मुक्त सरावाला, मध्यवर्ती स्थान दिले. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण प्रतिकारापुढे पुन्हा पुन्हा टिकलेले साधे तंत्रच घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी आठवते.

आपणही एवढे करून पाहा. जोडीदाराला कोणत्या बाजूने येणार हे न सांगता, ओरडत अंगावर यायला सांगा. आपण दोन्ही तळवे छातीसमोर धरून तिरके मागे सरकायचे आणि “मागे हो!” असे मोठ्याने म्हणायचे. ओरडताना कोंडलेला श्वास सुटतो आणि पाय हलू लागतात.

प्रश्न : आमच्या वर्गात चाकू हिसकावून घेण्याचे तंत्र शिकवतात. त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर : फारच कमी. वर्गातला हल्लेखोर एकदा वार करतो आणि हात तसाच लांब ठेवून थांबतो. खरा हल्लेखोर दुसऱ्या हाताने आपल्याला धरून तोच वार भराभर करत राहतो. जुना पांढरा शर्ट घाला, जोडीदाराच्या हाती चाकूऐवजी मार्कर द्या आणि त्याला हवे तसे वार करू द्या. नंतर शर्टावरच्या खुणा मोजा. या सरावानंतर तंत्राविषयीचा फाजील विश्वास सहसा उरत नाही. अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येऊन पोहोचतो आणि प्रशिक्षित पोलिसाला पिस्तूल काढून गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून चाकू दिसताच पळावे, मध्ये टेबल, गाडी, जे मिळेल ते घालावे. पळणे अशक्यच असेल, तर चाकूचा हात दोन्ही हातांनी आवळून तो सुटू न देण्यावर सारी शक्ती लावावी. त्यातही जखमा होण्याची शक्यता मोठी आहे, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगायलाच हवे.

प्रश्न : धमकावून फोन मागणाऱ्याला तो देऊन टाकणे मला कमीपणाचे वाटते. एवढे शिकून उपयोग काय?

उत्तर : फोन द्यावा, किंबहुना थोडा लांब फेकून उलट दिशेने निघून जावे. सुखरूप घरी पोहोचणे हेच आपले उद्दिष्ट आहे. पण तो वस्तू न मागता “गाडीत बस” म्हणत असेल, तर गोष्ट पूर्ण बदलते : त्याला एकांत हवा आहे. तिथे आरडाओरडा, चावणे, डोळ्यांवर प्रहार, सारे काही त्याच जागी आणि त्याच क्षणी करावे.

हा फरक त्या क्षणी सुचत नाही. तो आधीच ठरवून ठेवावा लागतो. अमेरिकेतील नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी सजगतेच्या अवस्था पांढरा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत मांडल्या. त्यांतल्या नारिंगी अवस्थेत एका विशिष्ट माणसाकडे लक्ष गेलेले असते आणि “याने अमुक केले, तर मी तमुक करीन” हे मनाशी पक्के झालेले असते. माझ्या मते ही सवय कोणत्याही पट्ट्याच्या रंगाहून अधिक उपयोगाची आहे.

प्रश्न : पन्नाशीत शिकायला सुरुवात करायची आहे. कोणता प्रकार निवडावा?

उत्तर : प्रकाराच्या नावापेक्षा वर्ग पाहावा. तिथे जोडीदार खरा विरोध करतो का, पडायला आधी शिकवतात का आणि दुखले म्हणून थांबणाऱ्याचा मान राखला जातो का, हे एक पूर्ण तास बसून पाहा आणि मगच नाव नोंदवा.