राजकीय पोस्ट टाकली म्हणून हॉलिवूडमधल्या कामावरून काढलं, तर दाद कुठे मागायची?

तुम्ही लॉस एंजेलिसमध्ये एका मालिकेचं एडिटिंग करता. घरी बसून, स्वतःच्या फोनवरून एका उमेदवाराच्या बाजूने पोस्ट लिहिलीत आणि नवव्या दिवशी 'पुढच्या भागांसाठी गरज नाही' असा मेसेज आला. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या पहिल्या दुरुस्तीखाली, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीखाली, दाद मागता येईल का, असं विचारलं आहे. त्या दुरुस्तीखाली नाही येणार. ती सरकारचे हात बांधते. खासगी स्टुडिओला ती लागू नाही. मात्र तुमचं काम कॅलिफोर्नियात होतं, आणि तिथे राज्याचा लेबर कोड, म्हणजे कामगार कायदा, पुष्कळ कामाचा आहे.

त्यातलं कलम ११०१ म्हणतं की मालकाला कामगारांच्या राजकारणावर बंधन घालणारा नियम किंवा धोरण ठेवता येणार नाही. ११०२ नुसार नोकरी घालवण्याची धमकी देऊन कुणाला राजकीय भूमिका घ्यायला किंवा सोडायला लावता येत नाही. 'राजकीय' या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी ऐसपैस घेतला आहे. १९७९ च्या एका निकालात समलिंगी कामगारांची समान हक्कांची चळवळही त्यात बसली. मेख आहे ती 'धोरण' या शब्दात. मालकाचा वकील म्हणेल, धोरण कसलं, हा एकट्यादुकट्याचा निर्णय. म्हणून 'सोशल मीडियावर जपून राहा' असा सगळ्यांना गेलेला ईमेल किंवा एचआरच्या माणसाच्या बोलण्यात निसटलेलं एखादं वाक्य तुमच्या तक्रारीपेक्षाही मोलाचं ठरतं.

आता तारखा. २०२४ पासून याच कोडच्या कलम ९८.६ मध्ये भर पडली आहे: कायद्याने संरक्षण दिलेल्या कृतीनंतर (इथे तुमची पोस्ट) ९० दिवसांच्या आत कारवाई झाली, तर ती सूडाने केली असं प्रथमदर्शनी धरलं जातं आणि दुसरं वैध कारण मालकाला पुढे करावं लागतं. तुमचे नऊच दिवस आहेत. पण एकदा त्याने कारण दिलं, की ते बनावट आहे हे दाखवायचं काम परत तुमच्याकडे येतं. एडिटर बहुधा आठवड्याच्या बोलीवर असतो, त्यामुळे 'काम संपलं होतं' हेच कारण येणार हे धरून चाला. त्याच भागावर पुढच्याच आठवड्यात दुसरा एडिटर बसला असेल, तर ते वेळापत्रक आणि त्या भागाची श्रेयनामावली जपून ठेवा. लेबर कमिशनरकडे, म्हणजे राज्याच्या कामगार आयुक्ताकडे, तक्रार करायला एक वर्ष मिळतं.

वर्षभर आहे म्हणून निवांत मात्र राहू नका. एडिटर्स गिल्ड या एडिटरांच्या युनियनचे, म्हणजे आयएत्सी (IATSE) या मनोरंजन क्षेत्रातल्या कामगार संघटनेच्या लोकल ७०० या शाखेचे, सभासद असाल, तर करारातली तक्रारीची मुदत याहून खूपच आखूड असते. गिल्डच्या फील्ड प्रतिनिधीला आजच फोन लावा. अजून कामावर असलेल्या सहकाऱ्यांना चौकशीसाठी बोलावलं, तर 'युनियनचा प्रतिनिधी हवा' असं त्यांनी स्वतः म्हणायला हवं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या वाइनगार्टन निकालाने हा हक्क दिला आहे, पण मालक तो आपणहून देऊ करत नाही. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ या केंद्रीय संस्थेकडे तक्रारीची मुदत सहा महिन्यांची आहे. तिथे नुसती उमेदवाराची पोस्ट सहसा टिकत नाही. तिचा धागा कामाच्या तासांशी, पगाराशी किंवा एआयशी जुळत असेल आणि सहकारीही त्यात असतील, तरच तो रस्ता धरा.

माणसं हमखास चुकतात ती अशी. घाबरून पोस्ट उडवतात, आणि पुरावा स्वतःच्या हाताने जातो. निर्मात्याचा फोन गुपचूप रेकॉर्ड करतात. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण सर्वांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. त्याऐवजी फोन ठेवल्यावर लगेच 'आपलं आत्ता असं बोलणं झालं' असा साधा ईमेल पाठवावा. कंपनीच्या खात्यातल्या फायली स्वतःला पाठवणं तर मालकाच्या हाती आयतं कारण देणं. आणि दोन आठवड्यांच्या पगाराच्या बदल्यात हक्क सोडल्याच्या कागदावर सही करू नका.

पडद्यावरच्या चेहऱ्यांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. त्यांच्या करारात बहुधा नैतिक वर्तनाचं कलम असतं. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून १९४७ मध्ये हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेलेले पटकथालेखक लेस्टर कोल यांना एमजीएम स्टुडिओने याच कलमाखाली निलंबित केलं. ज्यूरीपुढे ते जिंकले, पण १९५० मध्ये अपिलात निकाल फिरला. सोशल मीडियावरच्या पोस्टमुळे मालिकेतून काढलेल्या अभिनेत्री जीना कारानो यांच्या दाव्यात डिस्नीने वेगळाच पवित्रा घेतला: आपल्या वतीने कोण बोलणार हे ठरवणं हे आमचंच अभिव्यक्तिस्वातंत्र्य. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी दावा प्राथमिक टप्प्यावर फेटाळायला नकार दिला आणि २०२५ मध्ये तडजोड झाली, त्यामुळे मुद्दा अखेरपर्यंत तपासलाच गेला नाही. एडिटरच्या बाबतीत हा बचाव लंगडा वाटतो. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने एका वृत्तपत्राच्या प्रकरणात केलेला फरक इथे चपखल बसतो: काय छापायचं हे प्रकाशक ठरवेल, पण बाहेर मांडलेल्या राजकीय मतापायी लेखकाला काढता येणार नाही.

युनियन नेहमी तुमच्याच बाजूला उभी राहील, असंही समजू नका. १९५३ मध्ये अभिनेत्यांच्या गिल्डनेच नव्या सभासदांकडून निष्ठेची, म्हणजे आपण कम्युनिस्ट नसल्याची, शपथ लिहून घ्यायला सुरुवात केली होती.

हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं. न्यूयॉर्कचा कायदा कामाच्या वेळेबाहेरच्या राजकारणाला जपतो, पण त्याची व्याख्या निवडणूक लढवणं, उमेदवाराचा प्रचार आणि निधी गोळा करणं इतकीच अरुंद आहे. जॉर्जियात, जिथे आता भरपूर चित्रीकरण होतं, खासगी नोकराला असं कवचच नाही.

तुम्ही एच-वन-बी किंवा ओ-वन व्हिसावर असाल, तर काम सुटल्यापासून देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्या मुदतीपर्यंतच. ते दिवस मोजायला सुरुवात झालीसुद्धा, तेव्हा गिल्डच्याही आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा.